दौहृद तिसऱ्या महिन्यात की चौथ्या? चरक-सुश्रुतांचा मासक्रम

शारीर_प्रथमवर्ष
डोहाळे (दौहृद) चरकसंहितेत तिसऱ्या महिन्यात येतात, सुश्रुतसंहितेत चौथ्या. दोन्हीकडे शारीरस्थानच (शरीर आणि गर्भ यांवरचा विभाग), मग महिना का जुळत नाही? शिवाय सुश्रुतांच्या तिसऱ्या महिन्यातल्या पाच पिंडका (छोटे उंचवटे) म्हणजे आजचे लिंब बड्स (हातापायांचे अंकुर), असं नोट्समध्ये सर्रास असतं. परीक्षेत तसं लिहावं का?

ग्रंथपाठी
महिना वेगळा, कारण आधार वेगळा. चरक, शारीर अध्याय 4 बघा. पहिल्या महिन्यात गर्भ अव्यक्त, दुसऱ्यात घन (पिंड, पेशी किंवा अर्बुद, हे गोळ्याचे आकार), तिसऱ्यात सगळी इंद्रियं आणि अंगावयव एकदम. इंद्रियं आली की मनाला सुखदुःख कळतं, आणि तेव्हापासून गर्भ स्पंदतो, इच्छा करतो. गर्भाचं हृदय मातृज, म्हणजे आईकडून आलेलं; ते रसवाहिनींनी (पोषक रस वाहणाऱ्या मार्गांनी) आईच्या हृदयाला जोडलेलं. म्हणून ती इच्छा आईच्या तोंडून बाहेर पडते.

सुश्रुत, शारीर अध्याय 3 मध्ये तिसऱ्या महिन्यात फक्त हात, पाय, डोकं यांच्या पाच पिंडका. बाकी विभाग सूक्ष्म. हृदय स्पष्ट होतं चौथ्यात. ते चेतनेचं स्थान, म्हणून इच्छाही चौथ्यात. थोडक्यात, एक इंद्रियांवरून मोजतो, दुसरा हृदयावरून.

दोघांचा मिळून एकच तक्ता करू नका, गुण तिथेच जातात. पाचव्यात मन आणि सहाव्यात बुद्धी हे सुश्रुतांचं. पाचव्यात मांस-शोणित वाढून आई कृश होणं, सहाव्यात तिचं बल-वर्ण घटणं हे चरकांचं.

भ्रूणशास्त्र_वाचक
लिंब बड्सबद्दल: हातांचे अंकुर फलनानंतर साधारण 26व्या दिवशी दिसतात, पायांचे एक-दोन दिवसांनी. सोनोग्राफीचे आठवडे शेवटच्या पाळीपासून धरतात, म्हणून दोन आठवडे मिळवा. तरी सहावाच आठवडा येतो, तिसरा महिना नव्हे. हृदय तर फलनानंतर 22व्या दिवसाच्या आसपास धडधडू लागतं. तेव्हा 'साम्य दिसतं' एवढंच लिहा, 'म्हणजेच' नको.

सुश्रुतांच्या त्याच अध्यायात पुढे गर्भाचं कोणतं अंग आधी, यावर आचार्यांचा वाद आहे. शौनक डोकं म्हणतात, कृतवीर्य हृदय, पाराशर्य नाभी. सुश्रुतांचे गुरू धन्वंतरी यांचा निर्णय: सगळी एकाच वेळी, पण सूक्ष्म असल्याने कळत नाहीत, वेळूच्या कोंबासारखी. पिंडकांचं वाक्य या निर्णयासोबत वाचलं तर तिथे दिसण्याची गोष्ट चालली आहे, घडण्याची नव्हे, असं माझं मत.

शारीर_प्रथमवर्ष
डोहाळा अपथ्याचा असेल तर? आणि आठव्या महिन्यातलं ओज (शरीराचं सारभूत तेज) म्हणजे सर्फॅक्टंट (फुफ्फुसं मिटू न देणारा पदार्थ) का?

ग्रंथपाठी
इच्छा फार तीव्र असेल तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थात मिसळून द्यावा, असं चरक सांगतात. दाबून टाकली तर वायू बिघडून गर्भाला अपाय होतो. पण गर्भाला घातक असलेलं वर्ज्यच.

सर्फॅक्टंट नको. आठव्या महिन्यातलं ओज आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करतं, म्हणून ती कधी आनंदी, कधी म्लान. फुफ्फुसातल्या पदार्थाशी याचा मेळ बसत नाही. तेव्हाचा प्रसव धोक्याचा, हे निरीक्षण मात्र खरं आहे. आज अशी बाळं नवजात अतिदक्षता विभागात वाचतात, त्यामुळे कळा, रक्तस्राव किंवा पाणी जाणं सुरू झालं तर ग्रंथ मिटून थेट रुग्णालय.