मोझांबिक बेट : एका दिवसात पाहून होईल का?

प्रश्न :
जुलैमध्ये कामानिमित्त मोझांबिकमधील नांपुला शहरात जाणार असून, तिथून सुमारे १८० किलोमीटरवर असलेले मोझांबिक बेट पाहण्याची इच्छा आहे. माझे आजोळ गोव्यात असल्यामुळे, या बेटाचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याहून चालत असे हे कळल्यापासून त्याची ओढ लागली आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे की मुक्काम करावा?

उत्तर १ :
मुक्काम अवश्य करावा, शक्यतो दोन रात्रींचा. बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आहे, पण ते पायी हिंडण्याचे गाव आहे. मुख्य भूमीला जोडणारा पूल एका गाडीपुरताच रुंद असल्याने समोरून येणाऱ्या वाहनासाठी थांबत जावे लागते. सां सेबास्तियांव किल्ल्याचे बांधकाम १५५८ मध्ये सुरू झाले. १६०७ आणि १६०८ मध्ये डचांनी वेढा घालूनही तो पडला नाही. बेटावर गोडे पाणी नसल्याने पावसाचे पाणी टाक्यांत साठवण्याची तिथली व्यवस्था जरूर पाहा. किल्ल्यापलीकडच्या टोकावर १५२२ चे छोटे चॅपेल आहे.

उत्तर २ :
वरील माहितीत माकुतीची भर घालतो, कारण बहुतेक पर्यटक उत्तरेकडची दगडी वस्ती पाहूनच परततात. माकुती म्हणजे नारळाच्या झावळ्यांचे छप्पर. दक्षिणेकडच्या वस्तीला त्यावरूनच नाव पडले. दगडी वाड्यांसाठी लागणारा दगड याच भागातून काढल्यामुळे इथली घरे आजही रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, खाणींच्या खड्ड्यांत उभी आहेत. बेटावरचे बहुसंख्य लोक इथेच राहतात, म्हणून परवानगी विचारल्याशिवाय छायाचित्रे काढू नयेत, अशी कळकळीची विनंती.

उत्तर ३ :
आपण गोव्याच्या नात्याने जात आहात म्हणून लिहिते. दीवच्या वाणी व्यापाऱ्यांनी इथे गुजराती कापड आणले, त्याच्या मोबदल्यात हस्तिदंत नेले, आणि त्याच कापडावर गुलामांचीही खरेदी होत असे. इथल्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलेली माणसे ब्राझीलप्रमाणेच गोवा, दमण आणि दीवलाही पोहोचली. बेटावरचे हिंदू मंदिर पाहून मलाही आपलेपणा वाटला होता. मात्र गुलामांच्या स्मरणार्थ केलेल्या बागेत गेल्यावर मी बराच वेळ बसून राहिले. आपणही मंदिर आणि ती बाग एकाच दिवशी पाहावीत.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. दोन रात्री राहण्याचे निश्चित केले असून, पहिली सकाळ माकुतीसाठी राखून ठेवतो.