ब्लॅक स्पॉट ठरेपर्यंत थांबायचं का?

फाट्यावरचा
५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू झाले की सरकारी भाषेत तो ‘ब्लॅक स्पॉट’. मग पैसे सुटतात. म्हणजे आधी तिरड्या मोजायच्या, मग दुभाजक बांधायचा! आमच्या फाट्यावर रस्ता चौपदरी झाला, गाड्या शंभरने सुटतात, आणि शाळेची पोरं दप्तर छातीशी धरून मधल्या फटीतून पळतात. आजवर दोघं गेले. निकषात बसत नाही म्हणे.

हिशेबी
वाईट वाटतं, पण २०२२ साली राज्यात १५,२२४ माणसं रस्त्यावर गेली. असे फाटे हजारो आहेत. पैसा मोजका असताना जिथे मृत्यू दिसतायत तिथेच तो लावणार ना? सतत अपघात होणारा पुण्याचा नवले पूल सोडून तुमचा फाटा आधी कसा घेणार?

फाट्यावरचा
नवले पुलाचंच घ्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका वाहनाने ४८ गाड्या ठोकल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये ८ जण गेले. मधल्या काळात पट्टे, कॅमेरे सगळं झालं. पण दुखणं वर आहे, कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनच्या उतारात. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडतात, खाली येईपर्यंत ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास येतो. अख्खा रस्ता तपासायला हवा. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर तेच केलं: २०१६ ला १५१ मृत्यू, २०२० ला निम्म्याहून कमी.

हिशेबी
२०२० ला लॉकडाऊन होता, साहेब.

फाट्यावरचा
बरं, २०१९ घ्या. शंभराच्या आतच.

दुचाकीवाली
एक्सप्रेस वेवर ना पायी माणूस, ना बैलगाडी, ना माझी स्कूटी. वर टोलचा पैसा. त्याची मात्रा राज्यमार्गाला कशी लागू पडेल? देशातल्या मृतांत ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवाले असतात. आधी हेल्मेटची सक्ती करा, फुकटात होईल.

फाट्यावरचा
हेल्मेट हवंच. पण शंभरच्या वेगातल्या गाडीपुढे चालत्या पोराला हेल्मेट काय कामाचं? दुभाजकाची फट बुजवा, अलीकडे गतिरोधक टाका. उड्डाणपूल कोण मागतंय?

दुचाकीवाली
आमच्याकडे बुजवली होती. आठ दिवसांत ढाब्यासमोर रातोरात फोडली. आता तिथूनच सगळे वळतात, मीसुद्धा.