पणजीच्या मिरामार बीचवर रात्री पोरांचा धुडगूस, पोलिसांना बोलवावं का?

पणजीकर: रात्री दहानंतर मिरामारला पोरं जमतात, बाईकवर स्पीकर, बिअरच्या बाटल्या तिथंच वाळूत फोडतात आणि सकाळी आई अनवाणी चालायला जाते. काही बोललं की उलट शिव्या. काय करायचं?

फोंडेकार: ११२ लाव सरळ. दहा ते सहा स्पीकरला बंदीच आहे, आणि बीचवर दारू प्यायली तर दंडही आहे, २०१९ मध्ये तो एकट्याला २,००० आणि ग्रुपला १०,००० ठेवला होता. पावती फाडली की गप्प बसतात.

डिचोलीची ताई: अरे पण पोरं १८ च्या आतली असली तर? २०१५ च्या बालन्याय कायद्यानं त्यांना लॉकअपमध्ये टाकता येत नाही, प्रत्येक पोलीस स्टेशनात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यालाच विचारा. गोव्यातही अल्पवयीनांना दारू विकता येत नाही, मग यांना बाटली विकतो कोण, त्या बारवाल्याला कोण धरणार??

पणजीकर: बरोबर, एकजण तर दहावीतला वाटतो, गाडी बापाची.

फोंडेकार: मग अल्पवयीन पोराला गाडी दिली म्हणून बापालाच २५,००० चा फटका, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आहे. पोराला दंडुका दाखवून काय होणार, दुसऱ्या दिवशी दोनापावलाला जाऊन बसतील.