दुर्मिळ नावं, त्यांचा उगम आणि इतिहास – तुमचे अनुभव लिहा

माझं नाव यमुना. माझ्या वयाची दुसरी यमुना मला शाळेत, कॉलेजात, ऑफिसात कुठेच भेटली नाही. आजीच्या पिढीत मात्र आळीत एखादी तरी यमू असायचीच. हा धागा काढतेय कारण अशा नावांमागच्या गोष्टी घरातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर निघून चालल्यात, आणि एकदा गेल्या की त्या कुठल्याही गुगलवर मिळत नाहीत.

माझ्यापासून सुरुवात करते. पणजीला सगळे पार्वतीबाई म्हणून ओळखायचे. माझा जन्म व्हायच्या आधी वाड्याचा माळा आवरताना एक पितळी डबा सापडला, त्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'चि. सौ. कां. यमू हिस आप्पांकडून'. आधी कुणाला कळेना ही यमू कोण, मग थोरल्या आत्यानं सांगितलं की हे पणजीचं माहेरचं नाव, लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहिलं की जुनं नाव माहेरच्या चार माणसांपुरतं उरायचं, तीही गेली की संपलं. आईबाबांनी तेव्हाच ठरवलं की मुलगी झाली तर यमुनाच.

नंतर वाचताना लक्षात आलं की हे फक्त आमच्या घरचं नाही. डॉ. आनंदीबाई जोशी, 1865 चा जन्म, 1886 मध्ये अमेरिकेत एम.डी. झालेल्या, त्यांचं जन्मनाव यमुना. रमाबाई रानडे, 1873 मध्ये न्यायमूर्तींशी लग्न झालं, त्याही माहेरच्या यमुनाच. दोन्ही नावं इतिहासात गेली ती लग्नानंतरची. धोंडो केशव कर्व्यांशी 1893 साली पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई त्याही पुढे आनंदीबाई झाल्या, म्हणजे तिथे गोदावरी गेली. नदीवरून नावं ठेवायची केवढी आवड होती आपल्याकडे, कृष्णा, भीमा, भागीरथी, नर्मदा, तापी, आणि त्यातली कितीतरी लग्नाच्या ताटातच पुसली गेली.

तर लिहा. नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, घरात आधी कुणाचं होतं, लोक काय म्हणतात. आडनावं नकोत, आणि कुणाच्या नावाची टिंगल नको.

धुंडिराज :

यमुनाताई, धागा भारी काढलात. माझं नाव शंभरातल्या नव्वद ठिकाणी धोंडिराज किंवा धोंडिराम लिहिलं जातं आणि मी दर वेळी शांतपणे सुधारून घेतो. धुंडिराज हे गणपतीचं नाव, काशीत विश्वनाथाजवळ ढुंढिराज गणेशाचं देऊळ आहे तिथलं. आमच्या खापरपणजोबांनी काशीयात्रा केली आणि परत आल्यावर झालेल्या मुलाचं हे नाव ठेवलं, तेव्हापासून एक पिढी सोडून एक असं चालत आलंय, म्हणजे आजोबांचं नाव नातवाला. आमचे आजोबा अभिमानानं सांगायचे की दादासाहेब फाळक्यांचं खरं नाव धुंडिराज गोविंद फाळके, 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्म. लोकांना दादासाहेब माहीत असतात पण नाव विचारलं की गप्प. मला हे नाव फार आवडतं. तोंड भरून उच्चारता येतं. मुलाचं नाव वेगळं आहे, पण नातू झाला तर धुंडिराज, हे सुनेला आत्ताच सांगून ठेवलंय आणि ती हो म्हणालीय.

माळरान :

आमच्याकडे आजोबा दगडू, चुलत आजोबा धोंडू आणि त्यांच्या आत्याचा मुलगा केरू. लहानपणी वाटायचं की ही काय नावं, मग आजीनं समजावलं. आधीची मुलं जगायची नाहीत, देवी यायची, पटकी यायची, मग जे जगावं असं फार फार वाटायचं त्याला दगड-धोंडा म्हणायचं म्हणजे कुणाची दृष्ट लागत नाही आणि यमालाही हे पोर नेण्यासारखं वाटत नाही. केरू म्हणजे जन्मल्यावर केरावर ठेवून उचललेला, भिकू म्हणजे भीक मागून आणलेल्या कपड्यातला. आजी हे सांगताना डोळे पुसायची, कारण दगडूआजोबांच्या आधीची भावंडं गेलेली होती आणि तिच्या सासूनं नवस म्हणून त्यांचं नाकही टोचलेलं. म्हणजे ज्या नावाला लोक गावंढळ म्हणतात ते खरं तर घरातलं सगळ्यात लाडकं पोर असायचं.

आणि ही नावं फक्त खेड्यातल्या गरिबांची हेही खरं नाही. वर ताईंनी लिहिलेले महर्षी कर्वे धोंडोच, 1858 चा जन्म, 1958 मध्ये भारतरत्न, एकशे चार वर्षांचं आयुष्य. गणिती छत्र्यांचं नाव विनायक, पण सगळ्यांना माहीत केरोपंत म्हणून, लोकमान्य टिळकांचे गुरू. दया पवारांचंही नाव दगडू मारुती पवार. मला स्वतःला ही नावं परत यावीत असं वाटत नाही, कारण ज्या भीतीतून ती आली ती भीतीच गेली, देवीची लस आली, पोरं जगायला लागली. पण ती विसरली जाऊ नयेत असं मात्र मनापासून वाटतं.

नकुसाची लेक :

लिहू की नको असा विचार करत होते, माळरान यांचं वाचून लिहितेय. माझ्या आईचं नाव नकुसा. आम्ही सातारा जिल्ह्यातले. चौथी मुलगी झाली म्हणून आज्यानं नाव ठेवलं, पाठीवर मुलगा व्हावा म्हणून. दगडू-धोंडू ही नावं जगावं म्हणून ठेवलेली आणि हे नाव बरोब्बर उलटं, नकोच होती म्हणून ठेवलेलं, हा फरक कुणी विसरू नका.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात 285 नकोशींची नावं बदलण्याचा सोहळा झाला, मुलींनी आपापली नावं निवडली, सर्टिफिकेटं मिळाली, पेपरात फोटो आले. मी तेव्हा आईला म्हटलं की तूही बदल. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, सातबाऱ्यावर नकुसा, पोस्टात नकुसा, बचत गटाच्या वहीत सही नकुसा, ज्यानं ठेवलं त्याला नको होते, मला मी हवी आहे. आणि विषय संपवला. बदललेल्या मुलींचं मला कौतुकच आहे, शाळेत रोज हजेरीला ते नाव ऐकायचं म्हणजे काय असतं ते लांबून नाही कळत. पण आईचंही तेवढंच खरं. बचत गटात तिला सगळ्या नकुसाक्का म्हणतात आणि कर्जाचा निर्णय तिच्या शब्दावर होतो.

यमुना :

नकुसाची लेक, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. आईंना नमस्कार सांगा.

हैबतराव :

माझं नाव ऐकलं की लोक विचारतात सिरीयलमधलं आहे का. नाही हो, नाव फार जुनं आहे. हैबत हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, दरारा अशा अर्थी. मराठी नावांत असे शब्द ढिगानं आहेत आणि आपल्याला ते परके वाटतही नाहीत, दौलतराव, हिंमतराव, सर्जेराव, साहेबराव, गुलाबराव, फत्तेसिंह. शहाजीराजांचंच बघा, मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलं झाली म्हणून शहाजी आणि शरीफजी अशी नावं ठेवली असं सांगतात. गावोगावचे पिराजी आणि फकीरा हेही तसल्याच नवसाचे.

माझ्या नावावर वारकऱ्यांचा जास्त हक्क आहे. हैबतबाबा आरफळकर, ज्यांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पादुका पालखीतून पंढरीला न्यायचा सोहळा सुरू केला, त्यांच्या नावाची पायरी आळंदीला महाद्वारात आहे आणि कार्तिकीतला समाधी सोहळा त्या पायरीच्या पूजनानं सुरू होतो. वडील वारीला जायचे, तिथूनच हे नाव घेऊन आले. मी पहिल्यांदा त्या पायरीला हात लावला तेव्हा शेजारचे एक वारकरी बुवा नाव विचारते झाले, सांगितल्यावर त्यांनीच माझ्या पाया पडायला हात पुढे केले, मी घाबरून मागे सरलो. ते म्हणाले, तुमच्या नाही, नावाच्या पडतोय.

ज्ञानदा :

माझं थोडक्यात. महाराष्ट्रात नाव सगळ्यांना कळतं, राज्याबाहेर गेलं की इंग्रजी स्पेलिंगमधल्या डी-एन-वायपुढे सगळे अडतात. कुणी दन्यानदा म्हणतं, कुणी सरळ नंदा. विमानतळावर नाव पुकारलं जातं तेव्हा काउंटरवरच्या माणसाची शांतता ऐकली की मी आपण होऊन उठते. तरी बदलावंसं एकदाही वाटलं नाही.

सोमवारची :

आमच्या वारली घरांमध्ये वारावरून नावं असतात, सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्री. नाव काय ठेवायचं असं विचारायचं कामच नाही, वार सांगितला की झालं. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे, 2011 ला पद्मश्री मिळालेले, त्यांच्या नावात मधे सोमा आहे तो वडिलांचा. आश्रमशाळेत आमच्या वर्गात इतक्या सोमी-मंगळी होत्या की एका सरांनी हजेरीपटावर परस्पर नावं बदलली, कुणाची सुनीता झाली कुणाची अनिता. घरी आजही कुणी मला सुनीता म्हणत नाही. माझ्या मुलीचं नाव मी बुधी ठेवलंय, दाखल्यावरसुद्धा बुधीच.

नवी आई :

सगळं वाचून धीर आला म्हणून विचारते. मुलगी झालीय, बारसं राहिलंय. मला भागीरथी ठेवायचंय, माझ्या आजीचं नाव, तिनं एकटीनं आम्हा सगळ्या नातवंडांना वाढवलं. सासरी म्हणतात फार जुनं, शाळेत चिडवतील. नणंद म्हणते कानात कुर्र करताना मी भागीरथी म्हणणारच नाही. काय करू?

माळरान :

ठेवा. चिडवणारे कुठल्याही नावाला चिडवतात.

हैबतराव :

नणंदबाईंना आजींची गोष्ट सांगितलीय का? आमच्याकडे सगळ्यांचा विरोध मावळला तो गोष्ट ऐकल्यावर.

यमुना :

माझं मत सांगते. सध्या जुनी नावं परत येतायत, रमा, सई, जिजा, मल्हार, पण कुठली परत येतात तेही बघा, छोटी, गोड, राजघराण्यातली नाहीतर टीव्हीवर दिसलेली. भागीरथी, गोदावरी, सगुणा, काशी, ज्या बायकांनी घरं ओढली त्यांची नावं कुणी घेत नाही. तुमच्या आजीचं घ्या. घरात भागू म्हणा, रथी म्हणा, दाखल्यावर पूर्ण नाव राहू द्या. मला लहानपणी यमी म्हणून चिडवलं होतं, आज ऑफिसात लोक नाव विसरत नाहीत.

आणि घाई करू नका. बाळाचं नाव न घालताही जन्माची नोंद होते, नाव नंतर बारा महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, पुढे पंधरा वर्षांपर्यंत उशिराची फी भरून. मात्र एकदा नाव घातलं की बदलायला प्रतिज्ञापत्र, राजपत्र सगळं करावं लागतं, म्हणून घरात पक्कं झाल्यावरच फॉर्म भरा. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लागतं हेही लक्षात ठेवा, त्यामुळे भागीरथीच्या पुढे तुमचंच नाव येणार आहे. दोन्ही नावं एकत्र मोठ्यानं म्हणून बघा आणि नणंदेलाही म्हणायला लावा.

नवी आई :

आत्ताच म्हणून बघितलं. छान लागतंय. रविवारी बारसं आहे, आजीची गोष्ट नणंदेला उद्या सांगते.