मदत हवी आहे : पहिल्या टप्प्याच्या चाचणीतील कमी डोसचा गट स्वीकारावा का?

माझ्या मोठ्या बहिणीचा आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला असून, प्रचलित केमोथेरपीचा उपयोग होईनासा झाल्यामुळे डॉक्टरांनी नव्या औषधाच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा पर्याय सुचवला आहे. या टप्प्याचा मुख्य हेतू सुरक्षित डोस ठरवणे हा असतो, याची आम्हाला जाणीव आहे. तीन-तीन रुग्णांच्या गटांत डोस वाढवत नेला जाणार असून तिला अगदी सुरुवातीच्या गटात जागा मिळते आहे. ती स्वतःची कामे स्वतः करते, ईकॉग श्रेणी (रुग्ण रोजचे व्यवहार कितपत करू शकतो हे दाखवणारी श्रेणी) १ आहे, यकृत व मूत्रपिंडाचे रिपोर्ट निकषांत बसतात. जनुकीय तपासणीत मात्र उपलब्ध औषध लागू पडेल असा बदल सापडलेला नाही.

संमतिपत्रक आम्ही ओळ न् ओळ वाचले. गाठीची बायोप्सी पुन्हा करण्याची अट आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा त्यात स्पष्ट आहे. पण पुढच्या गटात जास्त डोस सुरक्षित ठरल्यास आधीच्या रुग्णांना तो वाढवून मिळेल का, याबद्दल त्यात अवाक्षरही नाही. अशा चाचणीतून गेलेल्यांनी किंवा त्यात काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे : असा वाढीव डोस सहसा मिळतो का, आणि सही करण्यापूर्वी आम्ही प्रमुख संशोधकांकडून याबाबत नेमके काय लेखी मागून घ्यावे?