व्हेचा (दुधातल्या प्रोटीनच्या पावडरचा) डबा घ्यायचा का? घेतला तर डब्यावर काय बघायचं?

ठाणेस्लो
वय ३४, वजन ६८ किलो, आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजनं. सकाळी पोहे-चहा, दुपारी डब्यात तीन पोळ्या, भाजी, वरण, संध्याकाळी वडापाव नाहीतर चहा-बिस्किटं, रात्री दोन पोळ्या, वरण-भात आणि ग्लासभर दूध. बुधवार-रविवार मासे. अंडी चालतात, श्रावणात मात्र काहीच नाही. जिममध्ये व्हे, मास गेनर (वजन वाढवायची पावडर), बीसीएए (प्रोटीनमधली ठरावीक तीन अमिनो आम्लं) आणि क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) असा पूर्ण संच सुचवलाय. यातलं खरंच काय लागतं? ऑफिस फोर्टला आहे, त्यामुळे शेक घरून बनवून न्यावा की तिथे? दुधाने कधीकधी पोट फुगतं, तेही सांगून ठेवतो.

साधंवरण
आधी ताट मोजा, मग डबा. पोहे-चहाचे ७ ग्रॅम प्रोटीन, दुपारच्या डब्याचे १७, वडापावचे ६, रात्रीच्या जेवणाचे १५, दुधाचे ६. एकूण ५१. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) २०२० चा हिशेब किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला ५६. वजनं उचलणाऱ्याने किलोमागे १.२ ते १.६ धरावेत, म्हणजे किमान ८२. तूट साधारण ३० ग्रॅमची, आणि ती स्वयंपाकघरातून भरता येते: दोन अंड्यांचे १२, सोया चंक्स कोरडे ३० ग्रॅम घेतले तर १५, वाटीभर दह्याचे ५.

वरणावर फार भिस्त ठेवू नका. तूरडाळीत शंभराला २२ ग्रॅम असतात हे खरं, पण ते कच्च्या डाळीत. डब्यातल्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ जेमतेम २० ग्रॅम, म्हणजे हाती आले चार-साडेचार. मोड आलेल्या कडधान्याचंही तेच: मोडाने पचायला सोपं होतं, पण वाटीतलं पाणी वाढतं, प्रोटीन नाही.

मास गेनर सोडा. त्यात निम्म्याहून जास्त माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे महागड्या दराने घेतलेलं पिठूळ. तेवढ्या कॅलरी हव्या असतील तर केळं, दाणे आणि दूध आहेच. बीसीएएही नको, व्हेच्या एका स्कूपमध्येच ते पाच-साडेपाच ग्रॅम असतात.

मागचीबाजू
डब्याची पुढची बाजू जाहिरात असते, मागची वाचा. '२४ ग्रॅम प्रोटीन' हे किती ग्रॅमच्या स्कूपमध्ये, ते आधी बघा. ३३ च्या स्कूपमध्ये २४ म्हणजे ७३ टक्के, कॉन्सन्ट्रेटसाठी (साधं, कमी गाळलेलं व्हे) ठीक. आयसोलेट (जास्त गाळलेलं व्हे) म्हणून विकत असतील तर ८५ च्या खाली घेऊ नका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पुढे मोठ्या अक्षरात 'आयसोलेट' आणि मागे पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं, असे डबे भरपूर.

खरी लबाडी वेगळीच. प्रोटीन मोजण्याच्या नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजतात आणि ठरावीक आकड्याने गुणतात. नायट्रोजन कुठून आला हे त्या चाचणीला कळत नाही. म्हणून ग्लायसिन किंवा टॉरिन अशी नायट्रोजन असलेली स्वस्त भर घातली की कागदावर प्रोटीन फुगतं. घटकांत ही नावं सुटी दिसली तर डबा परत ठेवा. अमिनो आम्लांचा तक्ता दिला असेल तर त्यातलं ल्युसिन बघा: २४ ग्रॅम व्हे प्रोटीनमागे अडीचच्या आसपास हवं. दीडवर असेल तर काहीतरी भेसळलंय. तक्ताच नसेल तर दुसरा डबा बघा.

एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) १४ आकडी नंबर त्यांच्या साइटवर टाकून नाव जुळतंय का बघा. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल हवंच. मात्र नंबर जुळला म्हणजे आतली पावडर तपासलेली आहे असं नव्हे, नंबर धंद्याचा असतो.

दराचं गणित: डबा २४०० रुपये किलो धरला तर त्यात ७२७ ग्रॅम प्रोटीन, ग्रॅमला ३ रुपये ३० पैसे. पनीर ४०० रुपये किलो, शंभराला १८ ग्रॅम धरले तर सव्वादोन रुपये. तुमच्या नाक्यावरचे भाव घालून बघा.

ठाणेस्लो
म्हणजे अंडी-सोया रोज, आणि व्हे फक्त श्रावणापुरतं? क्रिएटिनचं राहिलं. आणि लोकलचं.

झाकणघट्ट
श्रावणात आणि ज्या दिवशी नाश्ता चुकेल त्या दिवशी, एवढंच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रोटीन पावडरी टाळायलाच सांगितलंय. माझ्या मते निरोगी माणसाने दिवसाला एक स्कूप घेतला तर बिघडत नाही, पण किडनीचा त्रास, मधुमेह किंवा बीपी असेल तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायला मोजतात ते) तपासून डॉक्टरांना विचारा.

क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज ३ ते ५ ग्रॅम, साधंच, चवीविना. त्याने रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं, किडनी ठणठणीत असली तरी. रिपोर्ट दाखवताना 'क्रिएटिन घेतो' हे न सांगितल्याने उगाच घबराट होते.

शेक बनवून लोकलमध्ये नेऊ नका. मुंबईच्या उकाड्यात कालवलेलं व्हे दोन तासांच्या पुढे ठेवणं धोक्याचं, आणि गर्दीत झाकण सुटलं तर शेजाऱ्याच्या शर्टाचं काय ते वेगळंच. छोट्या डबीत कोरडी पावडर न्या. शेकरमध्ये आधी २५० मिली पाणी, मग पावडर. उलट केलं की तळाला गोळा चिकटतो. गरम दुधात टाकलं तर गुठळ्या होतात. प्रोटीन जात नाही, पण पिववत नाही. शेकर लगेच धुवा, झाकणातली रबरी रिंग काढून. वास राहतो तो तिथेच.

पोट फुगत असेल तर पाण्यात, अर्ध्या स्कूपपासून सुरू करा. कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज असतंच, दुधात घेतलं की कितीतरी पट. तरी त्रास झाला तर आयसोलेट, त्यात ते नावाला उरतं.

श्रावण म्हणजे पावसाळा, तेव्हा एक किलोचाच डबा घ्या, पाच किलोचा स्वस्त पडतो म्हणून नको. फ्रीजमध्ये ठेवू नका: बाहेर काढून उघडला की आत दव धरतं आणि पावडर दगड होते. ओला चमचा घालू नका, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका. आणि स्कूप एकदा काट्यावर तोला, दाबून भरलेला ३३ चा स्कूप सहज ४० भरतो.

व्हेवर हिरवी खूण असते, श्रावणात चालेल. व्हिटॅमिनच्या कॅप्सूल घेत असाल तर मात्र बाटली उलटून बघा. कवच जिलेटिनचं असलं तर खूण तपकिरी.