इलेक्ट्रिक कार की बस? मुंबईचा धूर कशाने कमी होणार

वडाळाकर
सोसायटीच्या मीटिंगमध्ये परवा चार्जिंग पॉइंटवरून दीड तास वाद झाला. इलेक्ट्रिक गाड्या आल्या, चांगलंच आहे, पण माझं मत विचाराल तर पैसा आणि रस्ता आधी बसला द्या. साधा हिशोब करा, एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १५ चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी किलोमीटरला दीडशे ग्रॅम सोडते आणि आत बहुतेक वेळा एकटा माणूस. डिझेल बस लिटरला तीनच किलोमीटर जाते असं धरा, किलोमीटरला ९०० ग्रॅम, पण ५० माणसं असली तर माणशी १८. आणि हा जुन्या डिझेल बसचा हिशोब आहे, इलेक्ट्रिकचा तर धरलाच नाही.

कांदिवलीकर
५० माणसं बसणार कधी, बस आली तर ना! माझी आई ७१ वर्षांची, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, स्टॉपवर ४० मिनिटं उभी होती, शेवटी बाजूच्या पानवाल्याने तिला स्टूल दिलं. त्याच आठवड्यात मी गाडी बुक केली, इलेक्ट्रिक. वर मे २०२५ पासून बसचं किमान भाडं ५ चं १० झालंय. मी माझ्या पैशाने धूर कमी करतोय, त्यात चुकलं काय?

परळची
कांदिवलीकर, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण धूर कमी झाला असं म्हणताना वीज कुठून येते तेही बघा. ट्रॉम्बे आणि डहाणूला अजून कोळसा जळतो. देशात एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाते, म्हणजे किलोमीटरला शंभरच्या आसपास ग्रॅम. पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश कमी, शून्य नाही. आपली लोकल तर १९२५ पासून विजेवर धावतेय, तीच वीज पण डब्यात शेकडो माणसं.

कांदिवलीकर
मान्य, शून्य नाही. पण उद्या सोलर वाढलं की माझी गाडी आपोआप स्वच्छ होईल, पेट्रोलची आयुष्यभर पेट्रोलच पिणार. आणि सायनच्या सिग्नलवर दिवसभर उभ्या ट्रॅफिक हवालदाराच्या नाकात तरी माझ्या गाडीचा धूर आजपासूनच जात नाही.

ठाणेकर
लंडनने २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी न्यायला पैसे लावले तसं इथेही करा असं आता कोणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. मी आनंदनगर नाक्याजवळ राहतो, मुलाची शाळा मुलुंडला, त्या दोन-तीन किलोमीटरसाठी वर्षानुवर्षं टोल भरला. ऑक्टोबर २०२४ मध्ये लहान गाड्यांचा टोल गेला तेव्हा कुठे सुटलो. आधी पर्याय द्या, मग पैसे मागा.

वडाळाकर
ठाणेकर, पटलं. बस वेळेवर नसताना नाक्यावर पैसे घेणं म्हणजे अन्यायच आहे. पण कांदिवलीकर, तुमच्या आईंना बस का मिळत नाही ते आमच्या स्टॉपवर येऊन बघा. स्टॉपसमोर ओळीने कार लावलेल्या असतात, म्हणून बस दुसऱ्या लेनमध्ये थांबते, म्हाताऱ्या माणसांना फुटपाथवरून उतरून दोन गाड्यांच्या फटीतून जाऊन रस्त्यावरून ती उंच पायरी चढावी लागते, मागे हॉर्न चालू, आणि या सगळ्यात मागच्या दोन बस अडकतात. त्या ओळीतल्या दोन गाड्या इलेक्ट्रिक आहेत.